कुंची घातलेला वरवंटा

ज्योत्स्ना डुबल यांनी वरवंटा गरम पाण्यानं धुतला, कोरडा केला, तेलाचा हात फिरवला आणि बाळाची कुंची चढवण्याआधी त्याच्या टिकलीकडे एकदा पाहून घेतलं. टिकली हिरवी होती. आज नातीचं बारसं होतं, म्हणजे मन प्रसन्न असणारच. तरी हल्ली स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू हातात घेताना आधी तिच्या टिकलीकडे बघायची सगळ्यांना सवयच लागून गेली होती.

टिकली हे बायकांनी पाडलेलं नाव. सरकारी नाव हेतुमापी. मसुराच्या डाळीएवढं यंत्र, विळीला, लाटण्याला, मिक्सरला, सगळ्याला पक्कं डकवलेलं. वस्तू हातात घेतली की ते तळहातातली नाडी, घाम आणि कंप टिपायचं आणि त्यावरून या हाताच्या मनात काय आहे ते ठरवायचं. हिरवी म्हणजे निर्धोक, पिवळी म्हणजे सांभाळा. लाल झाली, आणि जवळपास कुणी असलं, की गॅस बंद, खण बंद आणि सरकारी कचेरीत वर्दी.

हे सगळं सुरू झालं एका कुकरच्या शिट्टीपासून. कुठल्याशा उद्घाटनाच्या जेवणावळीत शिट्टी उडाली आणि एका बड्या पाहुण्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं. टेंगूळ बसलं, पण त्यावर नेमलेली समिती काही उठेना. तिनं घरोघरची स्वयंपाकघरं पालथी घातली आणि अहवाल दिला की घराघरात शस्त्रागार आहे आणि जनता तिथंच पोळ्या लाटते आहे. मग कुकर झाला दाबपात्र, विळी झाली आसनी शस्त्र आणि वरवंटा झाला हस्तशिळा, वर्ग दुसरा. बायका कोर्टात गेल्या. सरकारी वकिलांनी एवढंच विचारलं, शस्त्रं पूजायच्या खंडेनवमीला तुम्ही विळीला हळदकुंकू वाहता ते काय म्हणून वाहता? झालं, खटला तिथंच निकालात निघाला.

लोक हसले, चिडले आणि मग आपल्याकडे नेहमी होतं तसं सरावले. कांदा चिरण्याआधी बायका डोळे मिटून लांब श्वास घेऊ लागल्या. नवरे विळीची टिकली पिवळी दिसली की मुकाट्यानं चहा टाकू लागले. पण एक गोष्ट ज्योत्स्नाबाईंना फार खटकायची. पूर्वी एखाद्या घरात बिनसलं की भांडी आपटायचा आवाज यायचा, आणि शेजारीण काहीतरी निमित्त काढून वाटी घेऊन यायची. आता भांडं आपटायची सोय राहिली नव्हती. संध्याकाळी कऱ्हाडच्या त्यांच्या पाच मजली सोसायटीच्या जिन्यातून वर येताना एकाही दारामागून आवाज यायचा नाही. आत माणसं आहेत की नाहीत तेसुद्धा कळायचं नाही, आणि भरल्या घरांमधून चालताना त्यांच्या अंगावर काटा यायचा.

विहीणबाई साताऱ्याहून आल्या त्या पिशवीतून स्पंजाचा वरवंटा घेऊन. कचेरीनं बारशासाठी म्हणून मान्य केलेला, बिनटिकलीचा, वर पाट्याच्या दगडाचा रंग दिलेला. त्यांनी तो हौसेनं पुढे केला आणि म्हणाल्या, उगीच कशाला जोखीम घ्यायची. ज्योत्स्नाबाईंनी तो दाबून पाहिला. बोटं पार आत गेली. पाळण्यावरून आधी दगड फिरवायचा तो मूल दगडासारखं चिवट व्हावं म्हणून, स्पंजासारखं व्हावं म्हणून नाही, असं त्यांनी हसत हसत पण ठामपणे सांगितलं. विहीणबाईंनी नाक मुरडलं आणि स्पंज परत पिशवीत गेला.

शर्वरी, ज्योत्स्नाबाईंची मुलगी, पाळण्याशेजारी पाटावर बसली होती. बाळंतपणानं माणूस थकतं हे खरं, पण तिचा थकवा वेगळा होता. बाळाला घेऊन ती कधी उभी राहायची नाही, जमिनीवर बसूनच घ्यायची. गॅलरीत तर जायचीच नाही. कुणी भाजी चिरायला घेतली की उठून दुसऱ्या खोलीत जायची. ज्योत्स्नाबाईंना वाटलं होतं, पहिलटकरीण आहे, जरा अतीच जपते आहे. त्यांनी यावरून तिची थट्टासुद्धा केली होती.

बायका जमल्या. जावई दाराशी कॅमेरा सरसावून उभा राहिला. लाल काठाची कुंची घातलेला वरवंटा पाळण्यावरून एकीच्या हातातून दुसरीच्या हाती जाऊ लागला. कुंचीच्या पातळ कापडातून टिकलीचा हिरवा उजेड दिसत होता. ज्योत्स्नाबाईंनी दिला, विहीणबाईंनी घेतला, त्यांनी आत्याबाई केतकीच्या हातात दिला. नाव ठेवायचा मान केतकीचा, त्यामुळे ती नटूनथटून आली होती. वरवंट्याला पाहून सगळ्या हसत होत्या, त्याच्या गालाला तीट लावत होत्या. मग रीतीप्रमाणे केतकीनं तो शर्वरीच्या हातात दिला.

शर्वरीनं आधी वरवंट्याकडे पाहिलं, मग पाळण्यातल्या बाळाकडे. कुंची लाल झाली.

आतून उजेड असा पसरला, जणू तापानं फणफणलेलं मूल मांडीवर असावं. स्वयंपाकघरात खणांच्या कड्या एकामागून एक खटाखट बसल्या. उकळत्या आमटीखालचा गॅस विझला. आणि कुंचीच्या आतून एका बाईचा आवाज आला, अगदी मऊ, आर्जवी.

"कृपया मला खाली ठेवा. बाळापासून दूर व्हा."

 टिकल्या बोलतात हे सगळ्यांना माहीत होतं, पण कुंची घातलेल्या दगडानं बोलावं हे कुणी ऐकलं नव्हतं.  ज्योत्स्नाबाईंनी लेकीच्या हातातून वरवंटा काढून पाटावर ठेवला आणि मोठ्यानं म्हणाल्या की यंत्र बिघडलंय, मेलं कशालाही बोंबलतं.

"बिघडलं नाही आई," शर्वरी म्हणाली. "ते खरं सांगतंय. मला दिसतं ना. गॅलरीत जायचं म्हटलं तरी ती माझ्या हातातून सुटलेली दिसते. सुरी पाहिली की त्याहून वाईट दिसतं. डोळे मिटले तरी दिसतं. मी तिला काही करीन का गं?"

 जावयाचा कॅमेरा खाली आला. विहीणबाईंनी नकळत पाळण्याच्या कडेवर हात ठेवला, आणि ते शर्वरीनं पाहिलं. ज्योत्स्नाबाईंना त्या क्षणी विहिणीचा राग आला, यंत्राचा आला, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा आला. स्पंज चालला असता की.

थोड्याच वेळात गृहशस्त्र कचेरीच्या निरीक्षक राजमाने मॅडम आल्या. तरुण, नीटनेटक्या, आवाज जवळजवळ वरवंट्यातून आला तसाच. त्यांनी चपला दाराबाहेर काढल्या, पाणी घेतलं, घर छान आहे म्हणाल्या. मग नियम सांगितला. तान्ह्या बाळाच्या बाबतीत लाल वर्दी आली की आईची तपासणी पुरी होईपर्यंत बाळ तिच्यापाशी ठेवता येत नाही. ते हिरव्या हाती द्यायचं. म्हणजे घरातल्या ज्या कुणाच्या हातात, बाळाकडे बघत असताना, टिकली हिरवी राहील त्याच्या ताब्यात.

"आणि तसं कुणी नसलं तर?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"असतंच कुणीतरी," मॅडम म्हणाल्या.

ज्योत्स्नाबाई पुढे झाल्या. त्यांना खात्री होती. वरवंटा त्यांच्या लग्नातला, हाताच्या सवयीचा. त्यांनी तो उचलला आणि पाळण्यात पाहिलं. बाळ झोपलं होतं, टाळूवर नाडी उडत होती, इतकी नाजूक की तिच्याकडे बघवेना. आणि त्यांना शर्वरी तेवढी असतानाचे दिवस आठवले. तेव्हा त्यांनीही विळी माळ्यावर टाकली होती. नवऱ्याला सांगितलं होतं, धार गेली म्हणून. कितीतरी दिवस त्या घरात भाजी हातानं मोडूनच झाली होती, आणि त्यामागचं कारण त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. ते आपणच विसरलो होतो याचं त्यांना नवल वाटलं. वरवंटा त्यांच्या हातात लाल झाला.

"शरू," त्या म्हणाल्या, "मलाही दिसायचं. अगदी असंच. आणि तू बघ, केवढी झालीस."

पहिल्यांदाच बघावं तसं शर्वरीनं आईकडे पाहिलं. मग ती रडायला लागली, पण ते रडणं मोकळं होतं.

विहीणबाईंनी पदर खोचला. आम्ही काय घाबरट नाही, असं काहीसं पुटपुटत त्यांनी वरवंटा घेतला, बाळाकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. लाल. त्यांनी वरवंटा घाईनं केतकीपुढे केला. केतकीला मूलबाळ नव्हतं, तिच्यावर सगळ्यांची आशा होती. पण हे आपल्या हातून पडलं तर, एवढाच विचार तिच्या मनात आला आणि टिकलीनं तो पकडला. जावयाच्या हातात तर वरवंटा धड बसायच्या आधीच लाल झाला. शेजारच्या बायका न बोलावता पुढे येत गेल्या. प्रत्येकीनं दगड उचलला, पाळण्यात पाहिलं, आणि प्रत्येक वेळी कुंची पेटल्यासारखी झाली. तोच मऊ आवाज प्रत्येकीला बाळापासून दूर व्हायला सांगत राहिला.

भीती आणि वाईट हेतू यांची नाडी सारखीच चालते की काय, असं ज्योत्स्नाबाईंनी मॅडमना विचारलं. मॅडमनी सांगितलं की यंत्र लाखो हातांवरून शिकलेलं आहे, चूक होण्याचा संभव फार कमी. मग त्या म्हणाल्या की आता नियमाप्रमाणे बाळ उपस्थित अधिकाऱ्याच्या ताब्यात येईल. काळजीचं कारण नाही, कचेरीच्या बालगृहात सगळी सोय आहे.

"तुमच्या हातात हिरवी राहील?"

"आमची निवड त्यावरच होते."

मॅडमनी डाव्या हातात वरवंटा घेतला. लाल उजेड विझला आणि कुंचीतून शांत, स्थिर हिरवा उजेड येऊ लागला. त्या पाळण्यापाशी गेल्या. बाळाकडे त्यांनी टक लावून पाहिलं, कपाटाकडे पाहावं तसं. टिकली जराही हलली नाही. ताबा घेताना हिरवी टिकली हातातच हवी, असा नियम असल्याचं त्यांनी सांगितलं.  नियमाविरुद्ध बोलायची ज्योत्स्नाबाईंना सोय नव्हती, कारण आपल्या हातात दगड लाल झालेला सगळ्यांनी पाहिला होता. मुलीकडे बघायची त्यांची हिंमत होईना.

मॅडम वाकल्या, मोकळा उजवा हात बाळाच्या कमरेखाली घातला आणि त्याला उचललं.

बारा दिवसांच्या बाळाची मान ती. मागे कलंडली.

खोलीतल्या सगळ्या बायकांचे हात एकदम पुढे आले. ज्योत्स्नाबाईंचे आले, विहीणबाईंचे आले, केतकीचे आले. पण त्या सगळ्यांच्या आधी जमिनीवरून शर्वरी उठली होती. इतक्या दिवसांत बाळाजवळ जी उभी राहिली नव्हती ती उभी होती, आणि तिचा तळहात बाळाच्या डोक्याखाली होता. तो हात थरथर कापत होता.

"मान," ती म्हणाली. "तिची मान धरावी लागते."

राजमाने मॅडमनी तिच्या कापणाऱ्या हाताकडे पाहिलं, मग भोवतीच्या हातांकडे, मग सगळ्यांच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यांकडे. त्यांच्या डाव्या हातात कुंची घातलेला वरवंटा तसाच हिरवागार होता.

"का?" त्यांनी शांतपणे विचारलं. "काय झालं?"