मुरलेला दगड

कातळमाळाच्या संशोधन केंद्रात लांबट टेबलावर दगडाचा एक गोल दांडा आडवा ठेवला होता. गावातल्या कोरड्या पडलेल्या बोअरशेजारी नवं भोक पाडून तो आज सकाळीच वर काढला होता. डॉ. ऋजुता हिंगमिरे स्तरदर्शकाचं भिंग त्यावरून सरकवत होती, आणि तिच्या पाठीमागे सरपंच हौसाक्का दुधाळ खुर्चीवर न बसता उभ्याच होत्या.

"बसा ना, अक्का."

"बसून काय करू? आदी सांगा, काय निघालं?"

ऋजुताने भिंग बाजूला केलं. काळ्या कातळातल्या बारीक छिद्रांत पाणी असायला हवं होतं. त्याऐवजी प्रत्येक छिद्रात पांढरा, चमकदार खडा ठासून बसला होता.

हौसाक्का वाकल्या. "ह्ये खोबरं पेरल्यागत काय दिसतंय?"

उत्तर ऋजुताला माहीत होतं. सहा वर्षं ती याच पांढऱ्या खड्यासाठी झटली होती. तो दुसऱ्या, खूप खोलच्या थरात पहिल्यांदा दिसला, तेव्हा आनंदाने तिला रडू आलं होतं. आज तो इथं होता, वरच्या थरात, जिथं तो असायलाच नको होता.

"अक्का, किनाऱ्यावरच्या सिमेंटच्या भट्ट्यांचा धूर नळातून इथवर येतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यातला कर्बवायू सह्य कंपनीसाठी आम्ही पाण्यात विरघळवतो आणि ते कर्बजल खोल कातळात सोडतो. आपला काळा दगड त्या वायूला पकडतो, आणि वर्ष-दोन वर्षांत वायूचाच दगड होतो. याला आम्ही शिलीभवन म्हणतो. एकदा दगड झाला की वायू हवेत परत जायची भीती नाही."

"ह्ये सगळं ग्रामसभेत सांगितलं हुतं तुमी. खाली हुनार म्हनाला हुता. ह्यो वरचा दगूड हाय."

"हो. खालचा थर भरत आला तसं कर्बजल भेगांतून वर चढलं. वरच्या जाळीदार कातळात पोचलं आणि तिथंही त्याचा दगड झाला." तिने कोपऱ्यातल्या पडद्याकडे बोट केलं. "आमची यंत्रं वायू कुठं निसटतोय का, तेवढंच बघत होती. वायू कणभरही निसटला नाही. पडद्यावर सगळं हिरवं होतं. दगड कुठं कुठं होतोय, हे बघायला आम्ही एकही यंत्र लावलं नव्हतं."

हौसाक्कांनी एका पांढऱ्या खड्यावर नख ओढून पाहिलं. "म्हंजी आमच्या पान्याच्या घरात तुमचा दगूड ऱ्हायला आला."

"असंच म्हणायचं."

"आन् पानी?"

"पाण्याला जागाच उरली नाही, अक्का."

बाहेर टँकरचा भोंगा वाजला. हौसाक्कांनी पदराने तोंड पुसलं. "मंग कंपनीनं आनलं, कंपनीनंच काढायचं. काय चुकीचं बोलते का मी?"

"अजिबात नाही," ऋजुता म्हणाली. बऱ्याच वेळाने तिच्या आवाजात धीर आला. "कायदा तुमच्या बाजूनं आहे. ताईनं लिहिलाय तो."

ताई म्हणजे ॲडव्होकेट वरदा हिंगमिरे. आई गेली तेव्हा ऋजुता शाळेत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून तिला परदेशी शिकायला पाठवण्यापर्यंत सगळं वरदानेच केलं. ऋजुताची तीन वर्षांची ओवी ताईच्या मांडीवरच झोपायला शिकली होती. आणि भूछिद्र हक्क कायद्याचा मसुदा ज्या समितीने केला, तिची लेखणी वरदाच्याच हातात होती. जमिनीखालच्या कातळातल्या छिद्रांची मालकी सरकारची नाही, कंपनीचीही नाही, वर राहणाऱ्या गावाची, असं त्या कायद्याने पहिल्यांदा मान्य केलं होतं. कातळमाळावर तेव्हा हलग्या वाजल्या होत्या. बायकांनी वरदाला माहेरवाशिणीसारखं पाटावर बसवून तिची ओटी भरली होती. तिने मोठं कुंकू लावलेलं ऋजुताने आयुष्यात तेवढं एकदाच पाहिलं.

त्या संध्याकाळी ऋजुताने ताईला फोन लावला. पलीकडे ओवीची बडबड ऐकू येत होती.

"ताई, गावाची छिद्रं भरली गं. सुनावणी लावून घेऊ. सरळ प्रकरण आहे ना?"

ओवीला दुसऱ्या खोलीत पिटाळल्याचं आणि दार लोटल्याचं ऐकू आलं.

"ताई?"

"ऐकतेय. न्यायाधिकरणाकडे जाऊ नकोस, ऋजू. टँकरची कायमची सोय मी करवून घेते."

"टँकर कशाला? त्यांचा हक्क आहे."

"तू ना, लहानपणापासून हट्टी," वरदा हसली. पण ते हसू तिचं नेहमीचं नव्हतं. ऋजुताला वाटलं, ताई दमली असेल. दिवसभर ओवी तिच्याकडे असते.

भूगर्भ न्यायाधिकरणाची खोली लहान होती. कातळमाळाहून आलेल्या बायका मागच्या बाकांवर दाटीवाटीने बसल्या होत्या. वरदा विधी खात्याच्या बाजूला बसली होती आणि मान वर करत नव्हती. ऋजुताने दगडाचा दांडा दाखवला, चढत गेलेलं कर्बजल समजावून सांगितलं आणि हा पांढरा खडा कंपनीच्याच वायूचा आहे, हे सप्रमाण सिद्ध केलं.

सह्य कर्बबंधन कंपनीचे वकील, देवस्थळी नावाचे एक मृदू बोलणारे गृहस्थ, उठून उभे राहिले. "डॉक्टर मॅडमचा शब्दन् शब्द आम्हाला मान्य आहे."

खोलीत कुजबुज झाली.

"फक्त एक सांगा, मॅडम. हा पांढरा खडा मूळ कातळापासून वेगळा काढता येईल?"

"नाही. तो कातळाशी एकजीव झालाय."

"म्हणजे आता तो जमिनीचाच भाग?"

"भूशास्त्राच्या दृष्टीनं, हो."

"कायद्याच्याही." त्यांनी न्यायाधीशांकडे पाहून मान झुकवली आणि भूछिद्र हक्क कायद्यातलं कलम म्हणून दाखवलं. "वायू जोवर वायू आहे तोवर तो साठवणाऱ्याचा, त्याची जबाबदारीही साठवणाऱ्याची. शिलारूप झाल्यावर तो भूमीचा अंश, आणि त्याच्या बऱ्यावाईटाची जबाबदारी भूछिद्रांच्या मालकाची. मालक कोण? गाव. आमचा वायू आता शिल्लकच नाही. उरलाय तो गावाचा दगड."

ऋजुताला ते शब्द ओळखीचे वाटले. न्यायालयात नव्हे, कुठंतरी घरात ऐकल्यासारखे. मग आठवलं. ताईच्या स्वयंपाकघरात ती शेंगा सोलत बसली होती, ओवी पोटात होती, आणि पोळी लाटता लाटता ताईने सहज विचारलं होतं, "दगड झाल्यावर तो वायू वेगळा ओळखता येतो का गं?" "छे," ऋजुता ऐटीत म्हणाली होती, "तो मग भूमीचाच अंश होतो." ताईने मान डोलावली होती आणि पोळी उलटली होती.

न्यायाधीश वरदाकडे वळले. "मसुदा आपण केलात. हे कलम वायू बाहेर निसटण्यापुरतं होतं, की अशा नुकसानीलाही लागू व्हावं, असा हेतू होता?"

'निसटण्यापुरतं' हा एक शब्द पुरला असता. ऋजुता ताईच्या तोंडाकडे बघत राहिली, परीक्षेच्या निकालाच्या दिवशी बघायची तशी.

"सर्वच नुकसानीला," वरदा म्हणाली. "हेतू तोच होता."

निकालाला दुपारही लागली नाही: दगड गावाचा, नुकसानही गावाचं. पठारावरच्या सगळ्या गावांना तो लागू राहील, असंही न्यायाधीशांनी सांगून टाकलं.

व्हरांड्यात ऋजुताने वरदाला गाठलं. रागावायचं होतं, पण तोंडातून भलतंच निघालं. "माझं वाक्य घेतलंस तू."

"खरं होतं म्हणून घेतलं."

"त्यांनी तुझी ओटी भरली, ताई!"

वरदाचा चेहरा उतरला. "मालकी दिल्याशिवाय जबाबदारी देता येत नाही, ऋजू. तो दगड कायम सांभाळायला एकही कंपनी तयार नव्हती. सरकारनं हात वर केले होते. कुणीच घेतला नसता, तर एकही भट्टी धूर पुरायला आली नसती. तुझी विद्या कपाटात पडून राहिली असती आणि धूर हवेत. कुणाच्या तरी नावावर तो टाकायलाच हवा होता."

"आणि तू सापडेल त्याच्या नावावर टाकलास."

"ज्यांनी प्रश्न विचारला नसता, त्यांच्या," वरदा हळू आवाजात म्हणाली. "मला अभिमान नाही त्याचा. पण ओवी मोठी होईल तेव्हा तिला श्वास घेता यावा म्हणून केलं मी. तुझ्या लेकीसाठी."

"तिचं नाव नको घेऊस." ऋजुता एक पाऊल मागे सरकली. "तिथल्या बायकांच्या कडेवर काय बाहुल्या आहेत?"

तेवढ्यात हौसाक्का बाहेर आल्या. मागे बाकीच्या बायका होत्या. त्यांनी वरदाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ ऋजुतासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, येक इचारू? त्यो दगूड आमचा, आसं झालं ना आता?"

"हो, अक्का."

"कंपनीचा न्हाई. सरकारचा न्हाई."

"नाही."

"मंग आमच्या दगडाचं आमी काय बी केलं, तर कोन इचारनार?"

ऋजुताच्या लक्षात यायच्या आधी वरदाच्या लक्षात आलं. ती चटकन पुढे झाली. "अक्का, तसं नाही. वायू मोकळा सोडायला कायद्यानं बंदी आहे. कडक शिक्षा आहे."

"कुठला वायू?" हौसाक्कांनी आता पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "त्यो शिल्लकच न्हाई म्हनं. आत त्या वकिलानं सांगितलं, तुमीबी त्याला हो म्हनला."

वरदाने स्वतःच लिहिलेलं कलम मनात पुन्हा वाचलं. बंदी साठवलेल्या वायूला होती. जमिनीच्या अंशाला कुठलीच बंदी नव्हती. विहीर खणावी, खाण काढावी, तसं मालकाने आपल्या दगडाचं हवं ते करावं. आजपासून पठारावरच्या प्रत्येक गावाला ती मुभा मिळाली होती.

"त्यो दगूड इरघळतो का, बाई?" हौसाक्कांनी विचारलं. "छिद्रं पुन्यांदा मोकळी हुत्यात का?"

होऊ शकत होती. सौम्य आम्ल सोडलं की पांढरा खडा विरघळतो, हे शिलीभवन शिकणाऱ्याला पहिल्याच वर्षी कळतं. पाण्याला जागा होते आणि कोंडलेला वायू वाट फुटेल तिकडून वर येतो. एका बोअरचा थोडासा. सगळ्या पठाराचा म्हणजे तिची सहा वर्षं आणि भट्ट्यांचा सगळा धूर.

"ऋजू," वरदा म्हणाली. लहानपणी रस्ता ओलांडताना म्हणायची तशी, तिचा दंड धरून. "नाही म्हण. एवढंच म्हण, की होत नाही."

किती सोपं होतं. या बायकांनी तिच्यावर आंधळा विश्वास ठेवला असता. त्यांनी प्रश्न विचारला नसता.

ऋजुताने ताईचा हात आपल्या दंडावरून बाजूला केला.

"विरघळतो, अक्का," ती म्हणाली. "कसा, ते सांगते. पण त्याबरोबर वर काय येईल, ते कुणाकुणाच्या पोरांना भोवेल, तेही सगळं सांगणार आहे. तुमच्या आणि माझ्यासुद्धा. ऐकून मग ठरवा."

हौसाक्कांनी व्हरांड्यातल्या पायरीवर बसकण मारली. पाठोपाठ बाकीच्या बायका बसल्या. एकीने कडेवरचं पोर खाली ठेवलं.

"सांगा," हौसाक्का म्हणाल्या. "पन आमाला पानी लागतंच बगा, बाई. त्ये तेवढं आदीच सांगून ठेवते."