कंदीलफुलावरची सावली

मंचरला गोकुळचा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे अल्बम हा पोटाचा धंदा आणि रानफुलांचे फोटो हे वेड. ते वेड त्याला लावलं तळेघरच्या कुशाबा गुरुजींनी. गुरुजी गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांच्या फिल्मच्या स्लाइडांचा पत्र्याचा डबा त्यांच्या बायकोने, लंकाकाकूंनी, विश्वासाने गोकुळच्या हवाली केला. जुन्नरला प्रदर्शन ठरलं होतं. गुरुजींची स्लाइड आणि त्याच फुलाचा गोकुळचा डिजिटल फोटो शेजारी शेजारी लावायचे होते.

फिल्म महाग, म्हणून गुरुजी एका फुलाचा एकच फोटो काढायचे. काकू छत्रीची सावली धरायच्या आणि वारा पडेपर्यंत दोघं ताटकळत बसायची. गोकुळला असली अडचण नव्हती. स्लाइडमधला खडक हुडकत तो तळेघरच्या सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या उघड्या कातळावर गेला, तिथल्या कंदिलाच्या आकाराच्या कंदीलफुलाचे मनसोक्त फोटो काढले आणि मग रोप कंदासकट उपटून दरीत भिरकावलं. दुसऱ्या कुणाला तसा फोटो मिळू नये, एवढ्यासाठी. कुणी पाहिलं नव्हतं.

आज दुपारी त्याने ती स्लाइड स्कॅनरवर ठेवली. पडद्यावर खडक आला, गवत आलं. फूल मात्र आलं नाही. फुलाच्या जागी खड्डा होता. त्याने काच पुसली, पुन्हा स्कॅन केलं. खड्डाच. स्लाइड खिडकीशी धरली, तरी तेच. लाल माती ओली होती, काठावर त्याच्या बुटाचा ठसा होता. बाहेर कांद्याचे ट्रक घरघरत होते आणि खोलीत उकरलेल्या मातीचा वास येत होता...

सगळ्यात वाईट म्हणजे फोटो सुरेख होता. वारा पडायची वाट बघून, नीट सावली धरून, गुरुजींनी त्या खड्ड्याचाच फोटो काढला होता.

गोकुळने घड्याळ पाहिलं. काकू ती स्लाइड बघायला तळेघरच्या एसटीने निघाल्या होत्या, कोणत्याही क्षणी पोहोचतील. घाईघाईने त्याने आपलं डिजिटल फूल कापून त्या खड्ड्यावर चिकटवलं.

काकू आल्या, पडद्याजवळ वाकून बघत राहिल्या. डोळे पुसत म्हणाल्या की पोटच्या पोरानं केलं नसतं एवढं तू केलंस. गोकुळला मान वर करवेना.

"रोप हाय ना रं अजून?" त्यांनी हळूच विचारलं.

"आहे, काकू..."

"बरं झालं. समद्यांनी राख नदीत सोडली. मूठभर मी ठिवली व्हती. त्यांनीच सांगितलं व्हतं, मला त्या फुलाच्या बुडाशी टाक म्हून, तशी टाकून आले. वर्षसराद झालं की जाईन बघाया. तू येशील संगं?"

त्याने मान डोलावली.  आपल्या हातांची त्याला किळस आली. काकू गेल्या.

पडद्यावर आता त्याने स्वतः काढलेला फुलाचा फोटो होता, मुळातला, हात न लावलेला. सड्यावर त्या दिवशी तो एकटाच होता आणि ऊन रणरणत होतं. आता फुलावर छत्रीची गोल सावली पडली होती. कडेला छत्रीची दांडी धरलेला हात दिसत होता. त्या हातात बांगड्या नव्हत्या. हात पुरुषाचा होता, आणि बोटं राखेनं पांढरी झाली होती.