सत्त्याऐंशी पॉइंट सातवरचा आवाज

टकटक!

काचेवर कुणीतरी बोटाने वाजवलं आणि ती सीटवरच अशी दचकली, की मांडीवरचा फोन थेट पायाशी. घाबरून तिने आधी काय केलं, तर समोरच्या सॉकेटमधलं ते बोटभर यंत्र खसकन उपटून पर्समध्ये कोंबलं. मग काच खाली करायचं हँडल फिरवलं. म्हाताऱ्या गाडीची म्हातारी काच... नेहमीसारखी अर्ध्यात अडकली.

त्या अर्ध्या फटीत एक चेहरा आला. चष्मा कपाळावर सरकवलेला, शर्टाच्या खिशातून मऊ पिवळं फडकं डोकावतंय, आणि डोळे असे चमकताहेत जणू आत्ताच कुणी बक्षीस दिलंय.

"सॉरी हं," तो म्हणाला, "तुमच्या गाडीत रेडिओ आहे ना? जरा सत्त्याऐंशी पॉइंट सात लावून बघता? माझ्याकडे एक बाई गात होत्या. अहो, काय आवाज! आणि आत्ता, या क्षणाला, बंद पडल्या!"

शेजारी त्याची, चष्म्याच्या दुकानाची छोटी व्हॅन उभी होती. तिच्या दारावर भलामोठा चष्मा रंगवलेला, आणि उघड्या दारातून नुसती खरखर ऐकू येत होती.

तिचे कान लाललाल झाले. कारण त्या बाई म्हणजे... ती स्वतःच होती!

"नाही," ती बारीक आवाजात म्हणाली, "माझा रेडिओ बिघडलाय."

आता ही काय भानगड, ते सांगायलाच हवं. बाबांच्या गाडीत रेडिओ होता, पण फोनवरचं गाणं वाजवायची सोय नव्हती. म्हणून बाबांनी एक एफएम ट्रान्समीटर आणला. गाडीच्या सॉकेटमध्ये खोचायचा, फोन त्याला जोडायचा, आणि तो ज्या आकड्यावर असेल तोच आकडा रेडिओवर लावायचा. की झालं! आपल्या गाडीपुरतं आपलं स्टेशन. फक्त एक गोष्ट तिच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. शेजारच्या गाडीला थोडंच माहीत असतं, की हे स्टेशन दुसऱ्याच्या गाडीपुरतं आहे?

आणि ती त्यावर वाजवायची काय, तर स्वतःची गाणी. स्वतःच रचलेली, घरी कुणी नसताना फोनवर रेकॉर्ड केलेली. गाडीतल्या जुन्या स्पीकरवर तिचा आवाज कसा खोल, उबदार वाटायचा. बाहेर मात्र तो आवाज म्हणजे संकट होतं. शाळेत समूहगीताच्या तालमीला गाण्याच्या बाईंनी एकदा मधेच हात वर करून विचारलं होतं, "मागे कुठला मुलगा घुसलाय?" सगळा वर्ग हसला, अगदी पेटीवाले सरसुद्धा. फोनवर लोक तिला "बोला साहेब" म्हणायचे. घरात तिचं लाडाचं नावच भोंगा. तेव्हापासून परक्या माणसासमोर ती घसा आवळून, चिमटीत धरल्यासारखा पातळ आवाज काढून बोलायची. कॉलेजचं शेवटचं वर्ष आलं, तरी वर्गातल्या निम्म्या मुलींनी तिचा खरा आवाज ऐकलेलाच नव्हता!

दुसऱ्या दिवशी चष्मेवाला पुन्हा तिथेच. तिची आई आखडलेल्या खांद्याच्या व्यायामासाठी समोरच्या इमारतीतल्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात जायची, आणि त्याची आत्या गुडघ्यासाठी. त्यामुळे दोघंही रोज संध्याकाळी खाली, आपापल्या गाडीत, वाट बघत.

त्या दिवशी तिने शहाण्या मुलीसारखं ट्रान्समीटर लावायलाच नको होता ना? पण तिने काय केलं... स्वतःचा रेडिओ पार मुका केला, ट्रान्समीटर हळूच सॉकेटमध्ये खोचला, आणि गाणं सुरू केलं.

*थांब ना जरा... रस्ता कुठे पळून जातोय...*

व्हॅनमधला मुलगा एकदम ताठ बसला. मग त्याने डोकं मागे टेकवलं, डोळे मिटले आणि हसला. स्टिअरिंगवर त्याची दोन बोटं हलकेच ताल धरू लागली.

कुणी तिचं गाणं ऐकताना तिने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. तिला उगाचच रडू आलं. आनंदाचं हो!

मग रोजच सुरू झालं. तो आधी येऊन नेमकी तीच जागा पकडायचा. "इथेच रेंज येते," तो तिला समजावून सांगायचा. "कोपऱ्यावर गेलो की गायब. दुकानात तर अजिबात नाही. इतकं छोटं स्टेशन! कोण चालवत असेल?"

"असेल कुणी... रिकामटेकडी," पातळ आवाजात ती.

"ए, काही बोलायचं नाही हं तिला!"

"का हो? तुमची कोण लागते?"

"अजून कुणी नाही," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला. "सांगू? बाकीचे आवाज कसे, दारातूनच बोलून निघून जातात. हा आवाज आत बोलावतो. बस म्हणतो, पाणी देतो, मग सावकाश काय ते सांगतो."

तिने खिडकीबाहेर पाहिलं. झाडाची वाळकी पानं गाडीच्या टपावर टपटप पडत होती. भोंगा! अख्ख्या जगाने जिला भोंगा म्हटलं, तिला हा मुलगा असं म्हणत होता. आणि ज्याला दिवसभर लोकांची नजर तपासायची सवय, त्याला हाताच्या अंतरावरचं दिसत नव्हतं!

"इकडे द्या बघू," तो एकदम म्हणाला.

"काय?"

"चष्मा. डावी काडी सैल झालीये. कधीपासून बघतोय, तुम्ही सारखा नाकावर ढकलताय."

म्हणजे... तो बघतो? तिने अर्ध्या काचेतून चष्मा दिला. त्याने खिशातून नखाएवढा स्क्रूड्रायव्हर काढला, जीभ ओठांत धरून स्क्रू पिळला, काचा फडक्याने पुसल्या. चष्म्याशिवाय तिला त्याचा चेहरा नुसता धूसर दिसत होता. धूसरसुद्धा छानच होता.

"घाला. आता माझ्याकडे बघा."

तिने बघितलं. तोही बघत राहिला, जरा जास्तच वेळ.

"सरळ बसला?" तिने विचारलं.

"चष्मा ना? हो... चष्मा अगदी सरळ आहे."

आता हा काहीतरी बोलणार... आणि तेवढ्यात मेल्या त्या फोनवर पुढचं गाणं आपोआप सुरू झालं!

"श्श! ती आली!" म्हणत तो व्हॅनकडे पळाला.

जगात कुठल्या मुलीवर अशी वेळ आली असेल? ती जळत होती, आणि तेही स्वतःवरच!

त्या संध्याकाळी घरी जाताना आई म्हणाली, "काय गं भोंग्या, हल्ली मला सोडायला स्वतःहून तयार असतेस? पूर्वी तर किल्ली शोधायलाच अर्धा तास लावायचीस."

"तुझ्या खांद्याची काळजी वाटते म्हणून."

"हो का! मग खूश हो. उद्याचा शेवटचा दिवस. खांदा मोकळा झालाय माझा."

ती कशीबशी हसली. खुशी खरीच होती, पण... उद्यानंतर ती जागा नाही, ती व्हॅन नाही, मिटलेले ते डोळे नाहीत. सांगायचं तर उद्याच. पण सांगायचं म्हणजे त्याच्यासमोर आपल्या खऱ्या आवाजात तोंड उघडायचं. रेडिओवर दिसत नाही कोण गातंय. समोरासमोर त्याने तो आवाज ऐकला आणि पेटीवाल्या सरांसारखा हसला तर? मग तो शेजारी असला काय आणि नसला काय!

रात्री पांघरुणात तोंड खुपसून तिने रेकॉर्ड केलं, 'श्रोतेहो, हे स्टेशन तुमच्या अगदी शेजारी आहे...' आणि पुसून टाकलं. पुन्हा केलं, पुन्हा पुसलं. शेवटी उरलं एवढंच – 'आजचं हे शेवटचं गाणं. उद्यापासून हे स्टेशन बंद. ऐकलंत... खूप बरं वाटलं.'

दुसऱ्या दिवशी ते वाजलं. व्हॅनमधल्या मुलाने डोळे उघडले. मग तो ताडकन सरळ झाला आणि खिडकीतून ओरडला, "ऐकलंत का? अहो, ती जाणार! जवळच कुठेतरी असणार ती, या गल्लीतच! मी शोधून येतो. आत्या आली तर सांगा, हा आलोच!"

"अहो, पण..." तिचा पातळ आवाज अर्ध्या काचेतच अडकला.

त्याने रेडिओ मोठा केला, काच वर केली आणि व्हॅन सुरू केली. व्हॅन मागे येऊ लागली...

आणि बरोब्बर तेव्हाच त्याची आत्या आज लवकर सुटून बाहेर आली होती. व्हॅनच्या मागे काठी टेकून, खाली वाकून, चपलेचा बंद नीट करत होती. आरशात ती दिसणं शक्यच नव्हतं.

"अहो! थांबा!" गाडीतून तिने पातळ आवाजात हाक मारली. छे! डाससुद्धा ऐकणार नाही असा आवाज. व्हॅन येतच होती.

तिने आवळलेला घसा सोडून दिला.

"थांऽऽऽब!"

काय आवाज होता तो! झाडावरचे पक्षी भर्रकन उडाले. पायऱ्यांवरची माणसं जागच्या जागी थिजली. व्हॅन कचकन थांबली. आत्याने सावकाश मान वर केली, व्हॅनकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"अगं बाई," आत्या म्हणाली, "गुडघ्याला यंत्र लावून जे होत नव्हतं, ते तुझ्या एका हाकेने झालं. टुणकन सरळ झाले मी!"

सगळे हसले. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. झालं. आता तोही हसणार.

पण तो हसला नाही. व्हॅनचं दार उघडलं. पावलं आली... आधी आत्यापाशी गेली, तिला कट्ट्यावर बसवलं, दोन धपाटे खाल्ले. मग तिच्या गाडीच्या खिडकीपाशी येऊन थांबली.

"मला वाटलं, रेडिओवरच्या बाई थांब म्हणाल्या," तो अगदी हळू म्हणाला. "पण रेडिओवर तेव्हा पुढचं कडवं चालू होतं."

त्याची नजर सॉकेटमधल्या यंत्राकडे गेली. त्यावर निळ्या अक्षरांत आकडा चमकत होता, सत्त्याऐंशी पॉइंट सात.

"दिवसभर लोकांना विचारतो, शेवटची ओळ दिसते का," तो कपाळाला हात लावून म्हणाला, "आणि मला पहिलीच दिसली नाही!"

"हसायचं असेल तर हस," ती म्हणाली. खऱ्या आवाजात. खोल, खर्जातल्या. "सगळे हसतात."

"पुन्हा बोल."

"काय बोलू?"

"काहीही. भाजीचे भाव सांग. पण याच आवाजात." तो खरंच हसत होता, पण डोळे भरलेले होते. "तुला माहितीये, मी दोघींत अडकलो होतो? एक गाणारी, आणि एक चष्मा नाकावर ढकलणारी. रोज घरी जाताना स्वतःला शिव्या द्यायचो. आणि दोघी एकच! एवढं नशीब असतं का कुणाचं?"

तिला हसू फुटलं, गडगडाटी, अजिबात न आवळलेलं. पायऱ्यांवरून उतरणारी आई ते ऐकून थबकली, आणि बरा झालेला हात थेट डोक्याच्या वर नेऊन तिने तो जोरात हलवला.

"पण स्टेशन तर उद्यापासून बंद ना?" तो म्हणाला. "मग उद्या मी गाडी कुठे लावू?"

"आमच्या फाटकासमोर. तिथे खूप जागा आहे."

"रेंज येते?"

तिने हात पुढे केला आणि ट्रान्समीटर सॉकेटमधून अलगद काढला. खसकन नाही, घाईत नाही. व्हॅनमधला रेडिओ खरखरू लागला. मग तिने काचेचं हँडल धरलं. त्याने बाहेरून काचेच्या कडेवर दोन्ही तळहात ठेवले. तिने फिरवलं, त्याने दाबलं, आणि इतकी वर्षं अर्ध्यात अडकणारी ती हट्टी काच कुरकुरत, कुरकुरत... पार खाली गेली.

"थांब ना जरा," ती म्हणाली, आणि तसंच पुढे गाऊ लागली.