बेचाळिसावी विहीर

दुष्काळाच्या त्या साली, मे महिन्यातल्या एका दुपारी, माजलगावचा बंकट आपला कॉम्प्युटर जीपमध्ये घालून धारूरच्या डोंगरातल्या एका गावी गेला. काम साधंच होतं. तिथल्या पाणी सोसायटीनं बारा वर्षांपूर्वी गावच्या विहिरींची पाहणी करून यादी फ्लॉपीवर ठेवली होती. आता विहिरींचा गाळ काढायचा तर यादी हवी, आणि सोसायटीचं मशीन बंद पडलेलं. दोघा जणांनी हात टेकले होते. बंकटनं मात्र फ्लॉपी वाचणारे जुने आणि नंतरचे नवे, दोन्ही तऱ्हेचे ड्राइव्ह जपून ठेवले होते, आणि आपल्या हातावर त्याचा पुरा भरवसा होता.

लाइट दोनला आली. नव्या ड्राइव्हमध्ये ती मोठी, लवलवती फ्लॉपी सरकवताच पडद्यावर एकेचाळीस विहिरी उमटल्या. नंबर, मालक, पाणी काठापासून किती हातांवर, शेवटी शेरा. सेक्रेटरी उत्तरेश्वर खूश झाले. मशीन दुरुस्त केलं तर हीच फ्लॉपी त्यात चालेल का, असं त्यांनी विचारलं.

बंकट नाही म्हणाला. मशीनचा ड्राइव्ह जुना, वाचायचं-लिहायचं डोकं रुंद असलेला. यादी आधी तसल्या ड्राइव्हवर लिहिलेली, मग दुसऱ्या कुठल्या मशीनवर दुरुस्त केलेली, अरुंद डोक्याच्या नव्या ड्राइव्हनं. रुंद ब्रशनं रंगवलेल्या फळीवर बारीक ब्रश फिरवावा, तसं कडेला जुनं लिखाण राहून जातं. नवा ड्राइव्ह मधलं तेवढंच वाचतो, जुना दोन्ही एकदम वाचायला जातो आणि अडकतो.

"नुसती चूक दाखवंल. बघा," म्हणत त्यानं फ्लॉपी आपल्या जुन्या ड्राइव्हमध्ये घातली.

ड्राइव्ह घरघरला. चूक आली नाही. स्वच्छ यादी उमटली. बेचाळीस विहिरी.

शेवटच्या ओळीत मालक गहिनीनाथ, पाणी अठरा हातांवर. शेऱ्यात दोनच शब्द होते : आत जानकीबाई.

उत्तरेश्वरांनी ओळीवर बोट ठेवून ती मोठ्यानं वाचली.

"गहिनीनाथनं इहीर बुजवली, म्हणून मीच ती ओळ काढली. पन शेरा... शेऱ्यात मी कधीच कायबी लिवलं न्हाई."

ऑफिस झाडणाऱ्या भिवराबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ती ओळ पुन्हा वाचायला लावली. जानकी त्यांची धाकटी बहीण, गहिनीनाथची बायको. विहीर बुजवली त्याच साली ती ऊसतोडीला गेली आणि तिकडूनच कुणाबरोबर पळाली, असं त्यानं गावाला सांगितलं होतं. माहेरानं तिचं नाव टाकलं.

"मी बी टाकलं," त्या हळूच म्हणाल्या.

बंकटनं खात्रीसाठी पुन्हा वाचून पाहिलं. पाणी बारा हातांवर. पुन्हा वाचलं... पाच. तापलेल्या पत्र्याखाली त्या खोलीत खोल विहिरीच्या तळाचा गार वास पसरू लागला. चौथ्यांदा त्यानं बटणाला बोट लावलं नाही.

तिसऱ्या दिवशी पोलिसांसमक्ष विहीर उकरली. अठरा हातांवर हाडं लागली, आणि पायातली जोडवी. भिवराबाईंनी ती ओळखली. बांधावर उभ्या गहिनीनाथनं काही विचारायच्या आत सगळं कबूल केलं. विहीर तळापर्यंत ठणठणीत कोरडी होती. भिवराबाईंनी बहिणीला स्वतः अग्नी दिला, कुणाला विचारलं नाही.

बंकट माजलगावला परतला. पुढच्या आठवड्यात त्यानं जुना ड्राइव्ह उघडला, डोकं पुसून ठेवायला. डोक्यावर पाण्याचा टपोरा थेंब होता. त्यानं तो कापसानं टिपला, डोकं दिव्याखाली धरून नीट पाहिलं.

बघता बघता थेंब पुन्हा भरून आला.