बंद भागातला कोळसा

ही घटना खरी आहे. पटत नसेल तर वाचू नका, माझं काही अडलेलं नाही. आणि भुतं रात्रीच निघतात असं मानणाऱ्या शहाण्यांनो, हे भर दुपारी घडलं. खाणीच्या प्रयोगशाळेत.

मी तिथे कोळसा तापवते. बंद नळीत, हवा लागू न देता. सुटलेला गॅस रबरी पिशवीत भरतो आणि त्यात काय काय आहे ते यंत्र सांगतं. कोवळा तपकिरी कोळसा वाफच फार सोडतो. मधला डांबर ओकतो. जुना कडक कोळसा आमच्या साहेबांसारखा, तापतो खूप, निघत काही नाही.

त्या दिवशी बंद भागातला कोळसा आला.

त्या भागाला पूर्वी आग लागली, तेव्हा ती गुदमरून विझावी म्हणून साहेबांनी तोंडाशी भिंत घालून घेतली. याच खाणीत कामाला असलेला माझा दादा त्या दिवशी घरी आलाच नाही.

"आत कुणी नव्हतं. तुमचा भाऊ पळाला असेल कुणाबरोबर तरी," साहेब म्हणाले.

लोकांना काय, तेच गोड लागलं. वहिनी तेव्हापासून मान खाली घालून चालते.

आता भाव चढला म्हणून भिंत फोडली. आत हाडूकही सापडलं नाही. साहेबांची छाती काय फुगली!

नळी तापली. पिशवी भरली.

आणि... रिकामी झाली.

एकदा सुटलेला गॅस कोळशात परत जात नाही. पिशवी पुन्हा भरली... बसली... भरता भरता अर्ध्यावरच अडकली.

मी नळीची जोडणी चाचपली, घट्ट होती.

मग हिसका देऊन भरली.

मी थोडा गॅस यंत्रात सोडला. ऑक्सिजन निघाला! तापलेल्या कोळशातून तो कधीच निघत नाही.

"गळती असेल. बाहेरची हवा घुसली," साहेब मागून म्हणाले.

बाहेरची हवा? मग कार्बन डायऑक्साइड एवढा कसा? हे आकडे माणसाने सोडलेल्या श्वासाचे होते. पण खुर्ची मिळाली म्हणून अक्कल थोडीच येते.

तेवढ्यात वहिनी माझा डबा घेऊन आली. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं. पिशवी पुन्हा अर्ध्यावर अडकली होती...

वहिनीने डबा ठेवला. सरळ पुढे गेली. पिशवीवर हलकेच थोपटलं.

"अहो... कुशीवर वळा."

पिशवी संथ चालू लागली.

वहिनी एकदम भानावर आली. "ताई, झोपेत यांचा श्वास असाच अडकायचा." मग तिने मान वर करून साहेबांकडे पाहिलं. "हे कुठे गेलेच नव्हते."

साहेब दाराला धडकत बाहेर सुटले. पळून जाणारा माणूस कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

बाकी कोळसा विकला गेला. कुठल्या भट्टीत जळतोय, विचारही करवत नाही. उरलेला तुकडा माझ्या कपाटात, बरणीत आहे. नमुन्याच्या बरणीचं झाकण घट्ट लावायचं, असा नियम आहे.

मी लावत नाही.