डाव्या कुशीवर

शिवगंगाला लातुरात खोली मिळता मिळेना. भूकंपाला पाच वर्षं होत आली होती, आणि शहरातली प्रत्येक रिकामी खोली ट्यूशनच्या पोरांनी भरली होती. तिची आधीची दोन्ही बाळं आठव्या महिन्यात गेलेली, बीपी चढायचं. तिसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, शरणप्पाला, बजावलं, "हिला दवाखान्याजवळ ठेवा. गावाहून येईपर्यंत उशीर होतो."

शेवटी शिवणकाम करणाऱ्या सालेहाआपानं आपली मागची खोली दिली. शरणप्पा शेतातल्या तुरीची रास करायला गावी परतला.

डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं, जेवण झालं की डाव्या कुशीवर पडायचं आणि पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल मोजायची. दोन तासांत दहा भरली नाहीत, तर तडक दवाखाना.

तिसऱ्या दुपारी शेजारच्या दालमिलची घरघर थांबली आणि तिला ऐकू आलं. भिंतीपलीकडून कुणी बाई तिच्याबरोबर मोजत होती. "तीन... चार..." पलीकडं तर मोकळं आवार होतं. खोलीत पडक्या भिंतीच्या मातीचा वास पसरला. शिवगंगाच्या अंगावर काटा आला, पण क्षणभरच. आवाज आईचा होता. आई भूकंपात गेली. लेकीचं एकही बाळंतपण तिच्या वाट्याला आलं नव्हतं. मग रोज दुपारी मायलेकी मिळून मोजू लागल्या.

एका गुरुवारी पोट गप्प राहिलं. तास गेला, दीड तास गेला. पलीकडून आवाज मात्र निवांत येत होता. "सात... आठ..."

"आपा," तिनं हाक मारली, "माझ्या हाताला काहीच लागंना झालंय. बघता का जरा?"

आपा कात्री ठेवून आली. पोटावर तळहात टेकून बसली आणि काही वेळानं हसली.

"हलून राहिलंय की. चांगली लाथ मारली बघ."

"खरंच?"

"हाव. खोटं कशाला बोलू? पड तू."

भिंतीपलीकडून हळूच आलं, "दहा..."

शिवगंगा निर्धास्त झोपली. दवाखान्यात गेली नाही.

शुक्रवारी सकाळी तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली, तेव्हा आपानं तिला ऑटोत घालून नेलं. डॉक्टरीणबाई पोटावर यंत्र फिरवत राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाळ गेलंय. दीड-दोन दिवस झाले असतील."

"न्हाई बाई," आपा पुटपुटली. "काल तर माझ्या हाताला..."

तिचं कुणी ऐकलं नाही. बीपी इतकं चढलं होतं, की शिवगंगा वाचली हेच पुष्कळ, असं सगळे म्हणाले. तिला ते पुष्कळ वाटलं नाही.

सव्वा महिन्यानं आपा बसनं शिवगंगाच्या गावी आली. दोघींपुढचा चहा निवून गेला. मग आपानं ओढणीखालचा उजवा हात बाहेर काढला.

"त्या दिवशी नखाएवढा डाग होता. वाटलं, कात्रीचा असंल..."

तळहातावर निळसर पाऊल उमटलं होतं. टाच, पाची बोटं, सगळं स्पष्ट. चालायला लागलेल्या लेकराच्या पावलाएवढं.

"रोज थोडं वाढून राहिलंय," आपा म्हणाली.