सत्ताविसाव्या टोपाची हजेरी

संग्रहालयाला यादी हवी होती, आणि यादी करण्यापलीकडे मला आयुष्यात काही नीट जमलेलं नाही, म्हणून दाजींनी मला बोलावलं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. जुन्या लढायांतले पोलादी टोप चाळीस वर्षं जमवत आले. सत्तावीस झाले होते. आता काचबिंदूनं नजर गेलेली. आपल्यामागे टोप भंगारात जातील, या धास्तीनं त्यांनी ते संग्रहालयाला द्यायचं ठरवलं. गाडी सकाळी येणार होती. यादी अपुरी असल्यास एकही टोप नेणार नाही, असं पत्रात बजावलं होतं.

"माझ्या डब्यांना फळी नाही," ताईनं दारातच सुनावलं, "आणि मेलेल्यांच्या टोप्यांना काचेची कपाटं! यादीत मलाही घाल, मीही जाते त्यांच्याबरोबर."

"तुझी नोंद कोणत्या लढाईखाली करू?"

चहा मिळाला नाही.

खोलीत दुपारीही अंधार होता. उन्हानं टोपांच्या पट्ट्यांचं चामडं तडकतं म्हणून पडदे ओढलेले. तेलाचा, गंजाचा आणि जुन्या घामाचा वास. दाजी एकेक टोप मांडीवर घेत, कडेवरून अंगठा फिरवत. "हा बघ, एका पत्र्यातून ठोकून काढलाय. कुठे सांधा लागतो का बोटाला?" मी कचेरीत पस्तीस वर्षं कागद हाताळले, पण एकाही कागदाला इतक्या मायेनं हात लावल्याचं आठवत नाही.

टोपांना ते टोपणनावांनीच हाक मारत : चपटा, घंटा, पोचेवाला. पण यादीत घंटा कशी लिहिणार? प्रत्येक टोपाच्या आत, मानेकडच्या बाजूला, शिपायाचा क्रमांक ठोकलेला होता. बॅटरीच्या उजेडात मी तो वाचू लागलो. मोठ्यानं, कचेरीतल्या सवयीनं; दाजी मांडीवरच्या टोपात गुंग होते.

फळीवर एकामागून एक चामडं करकरलं. माणूस ताठ उभा राहिला की पट्टा करकरतो, तसं.

दाजींचा अंगठा थांबला. "क्रमांक मनात वाच..."

"चार वाचून झाले, दाजी."

"मोठ्यानं?" ते अगदी हळू म्हणाले, "मग आता थांबू नकोस. हजेरी पुरी झाल्याशिवाय त्यांना सुटी देता येत नाही... आणि असे उभे असताना मी त्यांना घराबाहेर पाठवणार नाही."

मी वाचत गेलो. प्रत्येक क्रमांकाला एक करकर. घामाचा वास ताजा होत चालला. घाबरलो होतो, नाही कशाला म्हणू? पण हा माणूस चाळीस वर्षं रोज तेलाचं फडकं घेऊन इथे एकटा येत होता आणि कुणाला अवाक्षर बोलला नव्हता, याचं कौतुक भीतीहून मोठं होतं.

सत्ताविसाव्याचा क्रमांक गंजानं खाल्लेला. दाजींच्या बोटांनाही लागेना. खोली वाट पाहत होती.

न लागणारा आकडा आला की आम्ही कचेरीत जवळपासचा दुसरा घालून मोकळे व्हायचो. साहेब कधी विचारत नसत. मी तोंडाला आला तो क्रमांक ठोकून दिला. तो माझाच होता. पस्तीस वर्षं रोज मस्टरवर त्याच्यापुढे सही केलेली, दुसरा कुठून सुचणार?

फळीवर काहीच करकरलं नाही. पण खुर्चीत बसलेला मी टाचा जुळवून उभा होतो. कधी उठलो, ठाऊक नाही.

"कोण उठलं?"

"मी..."

दाजींनी तो टोप छातीशी धरला. "अरे कारकुना, त्याच्या जागी तू हजेरी दिलीस... आता तो कुठे जाईल?"

टोपाच्या कडेवरून त्यांनी एकदा अंगठा फिरवला. मग, दुसरा इलाज नव्हता म्हणून, कुजबुजले, "सुटी." सव्वीस पट्टे सैल पडले.

यादी पुरी भरली. सत्तावीसही टोप गेले. संग्रहालयानं मांडलेत मात्र देखणे! दाजींना दिसत नाहीत, म्हणून दर रविवारी मी जातो आणि परतल्यावर त्यांना एकेकाचं वर्णन ऐकवतो.

तिसऱ्या रविवारी दारवानानं मला अडवलं. "काका, दरवेळी एकच तिकीट काढता. तुमच्याबरोबरच्यांचं कोण काढणार?"

"कोणाचं?"

"हे, मागचे. बोडक्या डोक्याचे."

मी मागे वळून पाहिलं नाही. तेव्हापासून दोन काढतो. तिकिटं फाडून एक अर्धुक दारवान माझ्या हातात देतो. दुसरं माझ्या खांद्यावरून मागे धरतो, आणि त्याचा हात रिकामा परत येतो.